न लिहिलेल्या गाद्या

रिझवानच्या ताटात दालचा वाढताना जहिराला कळून चुकलं, की आजचं जेवण काही सुखानं पोटात जायचं नाही. शुक्रवारच्या नमाजानंतर मन्सुरींच्या घरी दस्तरखान पसरला, की आधी या धाकट्या दिराची चेष्टा व्हायची. तिसगावाहून नगरला यायला उशीर का झाला, करंजीच्या घाटात भजी किती हाणली, पोट किती सुटलं. आज त्याच्याशी कोणी चेष्टेनंही बोललं नव्हतं. तिचा नवरा परवेझ मान खाली घालून भाकरी मोडत होता. तो असा मुकाट जेवायला लागला, की समजावं, पोटात दुसरंच काही शिजतंय.

सासरे गनीभाई मधोमध बसले होते. एक्क्याऐंशी वर्षांचे, पाठ अजून ताठ. खांद्यावर धनुकली टाकून या माणसानं पाथर्डी तालुक्यातली गावं पायी पालथी घातली होती, दारोदार कापूस पिंजला होता. आज त्यांचा सुप्याच्या एमआयडीसीत फोमच्या गाद्यांचा कारखाना होता. तो परवेझ बघायचा. तिसगावात जुनं, कापसाच्या गाद्यांचं वर्कशॉप होतं, अकरा माणसांचं. ते रिझवानकडे. कापसाच्या गादीला आता कुत्रं विचारत नाही, असं परवेझ दहा वर्षं म्हणत होता आणि गनीभाई दहा वर्षं बहिरे झाल्यासारखं करत होते.

पण दोन वर्षांपूर्वी जहिराची लेक हुमेरा पुण्याची नोकरी सोडून घरी आली आणि घरातल्या या जुन्या खेळाचे नियमच बदलले. पोरगी संख्याशास्त्र शिकलेली. तिनं सुप्याच्या ऑफिसात भिंतीएवढा पडदा लावला. कुठल्या तालुक्यात कुठली गादी गेली, कुठली परत आली, कुठलं मशीन किती तास चाललं, दोरा आणि कापड किती लागलं, सगळं त्यावर रंगीत पट्ट्यांमध्ये दिसायचं. आधी सगळे हसले. ‘हुमेराचा टीव्ही’ म्हणाले. मग गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात गनीभाईंनी लग्नसराई म्हणून चारशे डबलच्या गाद्या करायला सांगितल्या. हुमेरा म्हणाली, दादाजी, जूनमध्ये सिंगलच लागतील, कॉलेजची पोरं खोल्या घेतात, सुप्याचे कामगार घेतात. गनीभाईंनी ऐकलं नाही. डबलच्या गाद्या दिवाळीपर्यंत गोडाऊनात आडव्या पडून होत्या.

दुसरा म्हातारा असता तर त्यानं खापर नातीच्याच डोक्यावर फोडलं असतं. गनीभाईंनी ईदच्या जेवणाला सगळ्यांसमोर सांगितलं, “आजपासून पडदा सांगंल तसं करायचं. माज्या दाढीला इचारायचं न्हाई.” त्या दिवशी जहिराचा ऊर भरून आला होता. लेकीचा अभिमान वाटला तेवढाच सासऱ्यांचाही. हरणं सगळ्यांनाच येतं. असं हसत, जाहीर हरायला काळीज लागतं.

आज मात्र गनीभाईंचा तोच शब्द परवेझनं हातात घेतला.

“अब्बा, तिसगावचा विषय आज संपवू,” तो म्हणाला. “पडदा काय सांगतोय ते तुम्हाला ठाऊक आहे. महिन्याला साठ गाद्या. साठ गाद्यांना अकरा माणसं कशाला? वर्कशॉप बंद करू. माणसांना सुप्याला घेतो.”

“सगळे येणार नाहीत, भाईजान,” रिझवान म्हणाला. “आसारामचं वय एकसष्ट. तो रोज सुप्याला कसा येईल?”

“बरं, तो विषय राहू दे. दुसरं सांग.” परवेझनं आता मान वर केली. “गेले तीन महिने तुझ्याकडे गाद्या लिहिल्यात साठ, आणि दोरा लागलाय दीडशे गाद्यांचा. पिंजायचं मशीन चाललंय दीडशे गाद्यांएवढं. वरच्या नव्वद गाद्या कुणाच्या? आपल्या छपराखाली दुसऱ्या कुणाचा धंदा चाललाय का?”

परवेझ ‘चोरी’ म्हणाला नव्हता, पण सगळ्यांना तोच शब्द ऐकू आला. रिझवानचा चेहरा पांढरा पडला. त्यानं तोंड उघडलं, बापाकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. गनीभाई भाकरीचा तुकडा दालच्यात बुडवत राहिले. तो कधीच भिजला होता.

जहिरानं ती नजर पाहिली. या दोघांमध्ये काहीतरी होतं.

“बोल ना,” परवेझ म्हणाला. “तोंडात मिठाची गुळणी का धरलीस?”

“पप्पा, एक मिनिट.” हुमेरानं हातातला घास ताटात ठेवला. “आकडा एवढंच सांगतो, की झालेलं काम जास्त आहे आणि लिहिलेलं कमी आहे. बाकीचं तुम्ही जोडताय. ते माझ्या पडद्यावर नाही.”

“मग पडद्यावर काय आहे?”

“भोक आहे. तिथं काय आहे ते मला दिसत नाही. आणि जे मला दिसत नाही त्यावरून मी कुणाचं वर्कशॉप बंद करू देणार नाही. चाचांचं नाव तर खराब होऊच देणार नाही.” ती उठली. “मी तिसगावला जाऊन बघते. आत्ता.”

“मीही येते,” जहिरा म्हणाली.

परवेझनं बायकोकडे वळून पाहिलं. एकोणतीस वर्षांच्या संसारात नवरा बोलत असताना जहिरा मधेच उठल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिचं तिलाही नवल वाटलं. पण दिराचा तो पांढरा चेहरा तिला बघवत नव्हता. लग्न होऊन ती तिसगावच्या घरात आली तेव्हा हाच रिझवान तिच्या मागंमागं फिरायचा. चुलीचा धूर डोळ्यांत गेला तर आपल्याच बाहीनं तिचे डोळे पुसायचा.

“जा,” गनीभाई म्हणाले. एवढ्या वेळात त्यांचा हा पहिला शब्द. “पर बाईमानसांची नावं इचारू नका.”

कसली बाईमाणसं, हे कुणाला कळलं नाही. रिझवाननं तेवढी मान खाली घातली.

*

वर्कशॉपच्या पुढच्या खोलीत सगळं नेहमीसारखं होतं. चार माणसं गाद्या टाचत बसली होती. मशीनच्या तोंडातून कापूस फुलून बाहेर पडत होता. मागच्या खोलीचं दार मात्र ओढून घेतलेलं. हुमेरानं ते ढकललं, तर आत भिंतीला टेकून गाद्यांचा ढीग. जुन्या, वापरलेल्या, एखादीवर हळदीचे डाग.

“हा कुठला माल, आसारामकाका?”

आसारामनं डोक्यावरची टोपी काढून परत घातली. “त्यो माल न्हाई, ताई. तसलं हाय ते.”

“तसलं म्हणजे कसलं?”

आसारामनं रिझवानकडे पाहिलं. त्यांच्याबरोबर आलेला रिझवान दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. “सांग,” तो म्हणाला. “आता काय राहिलंय.”

“आपली गादी लगनात दिली, तर त्या पोरीची पैली पिंजाई फुकट,” आसाराम म्हणाला. “गनीभाईंचा कायदा हाय. लई जुना. त्ये पायी हिंडत हुते तवा एका गावात नवी नवरी रडत बसल्याली दिसली. माहेरच्या गादीत गोळे झालं म्हनून सासरी टोमनं. माय डोक्यावर गादी घिऊन आल्ती, गाठीला दमडी न्हाई. गनीभाईंनी तितंच बसून पिंजून दिली. तवापास्नं हे चालू हाय.”

“आणि हे लिहीत का नाही?”

“लिवायचं न्हाई आसा हुकूम हाय. लिवलं म्हंजे उपकार झाला. पोरीचं नाव दुकानात ऱ्हातं, उद्या कुनी तरी वाचतं. नेकी करायची आन इसरून जायची.”

जहिराला एकदम आठवलं. नवी सून असताना तिनं मागच्या दारानं गादी घेऊन येणारी एक बाई पाहिली होती आणि सासूला विचारलं होतं. सासूनं तिच्या तोंडावर हात ठेवला होता. जहिराला ते घरातलं काही वंगाळ वाटलं आणि तिनं परत विचारलं नाही. एवढी सुंदर गोष्ट या घरात जन्मभर होत होती, आणि तिला ती आज कळत होती.

“म्हणून तुम्ही गप्प बसलात, चाचा,” हुमेरा म्हणाली. “पप्पा तुम्हाला काय काय बोलले...”

“अब्बांना शब्द दिलाय,” रिझवान म्हणाला.

एवढ्यावर सगळे डोळे पुसत नगरला परतले असते, तर ती गोष्ट गोड झाली असती. हुमेरा तिथंच उभी राहिली. कपाळाला आठी.

“काका, पहिल्यापासून महिन्याला नव्वद येतात?”

“छ्या! धा-पंधरा यायच्या. औंदा वाढल्यात.”

“कधीपासून?”

“आता ते कसं सांगू? मोजायचंच न्हाई म्हणल्यावर...”

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. नवं मंगळसूत्र घातलेली एक पोरगी उतरली, मागून तिचा बाप सूर्यभान गादीची वळकटी खांद्यावर घेऊन. अनोळखी बायका बघून पोरगी दारातच अडखळली.

“जया, ये की आत,” आसाराम म्हणाला. नाव तोंडातून निसटलं तशी त्यानं जीभ चावली.

“काका, मला लई लाज वाटती,” जया खालच्या आवाजात म्हणाली. “एकदाच फुकट करून देत्यात ना? माजी दुसरी खेप हाय. लगनाला सातच म्हैनं झालं, आन परत गोळं झालं. सासू म्हनती, तुज्या बापाला गादी बी धड देता आली न्हाई.”

सूर्यभान जमिनीकडे बघत होता. चारचौघांत पोरीच्या तोंडून बापाला हे ऐकावं लागलं, याचं जहिराला फार वाईट वाटलं. तिनं जयाला पाठीवर हात ठेवून खुर्चीवर बसवलं.

हुमेरानं गादी खाली अंथरली. तिसगावच्या प्रत्येक गादीच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा टाका असायचा. कापसाची खेप बदलली की दोऱ्याचा रंग बदलायचा, ही इथली जुनी रीत. जयाच्या गादीला हिरवा दोरा होता. हुमेरानं मागच्या ढिगातली एक गादी ओढली. हिरवा. दुसरी ओढली. हिरवा.

“काका, सगळ्यांना बोलवा. दोऱ्याच्या रंगाप्रमाणे गाद्या रचायच्या. ज्या त्या रंगाची वेगळी थप्पी.”

माणसं आली, रचायला लागली. लालच्या दोन झाल्या, निळ्याच्या तीन, पिवळ्याची एक. हिरव्याची थप्पी मात्र वाढतच गेली. गुडघ्याला, कमरेला, मग हुमेराच्या डोक्याच्याही वर. जयाची धरून चोवीसांत अठरा हिरव्या.

“अम्मी, बघ,” हुमेरा म्हणाली, “माझा पडदा म्हणजे हेच. एवढंच असतं त्यात.”

जहिरा बघत राहिली. सहा महिने ही माणसं एकेक गादी घेत होती, पिंजत होती, मायेनं परत देत होती. एकेक गादी बघणाऱ्याला काही दिसलं नव्हतं. ढीग लावल्याबरोबर आंधळ्यालाही दिसलं असतं. आपल्या पोरीला हे येतं, माणसांच्या डोळ्यांसमोर असलेलं त्यांना दाखवता येतं, याचं तिला इतकं कौतुक वाटलं, की क्षणभर पुढचा प्रश्न तिच्या ध्यानातच आला नाही.

हुमेरानं शिवण उसवून कापूस बाहेर काढला. दोन्ही हातांत धरून ओढला. तंतू ताणले न जाता तुटले. “आखूड आहे. यात गिरणीतला झडलेला कापूस मिसळलाय. हा कितीही पिंजा, दोन महिन्यांत परत गोळा होणार. हिरवा दोरा कुठल्या खेपेचा?”

“जानेवारीच्या,” रिझवान म्हणाला.

“कापूस कुणी पास केला?”

आसारामनं तोंड फिरवलं. तेव्हा जहिराच्या ध्यानात आलं. तिसगावचा कापूस कोण निवडतं, हे घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गनीभाई. चिमूट घ्यायचे, अंगठ्यावर चोळायचे आणि हो किंवा नाही म्हणायचे. पन्नास वर्षांत त्यांचा हात चुकला नव्हता.

आणि साखरेच्या आजारानं त्यांची बोटं बधिर झालीत, हे फक्त जहिराला ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यात चहाचा वाफाळता पेला त्यांनी आरामात मुठीत धरलेला तिनं पाहिला होता. तळहातावर फोड आला तेव्हा मलम तिनंच लावलं होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा मान राहावा म्हणून.

“हे अब्बांना कळता कामा नये,” रिझवान म्हणाला. “भाभी, तुझी शपथ. भाईजान मला चोर म्हणतोय ना? म्हणू दे. वर्कशॉप बंद होऊ दे. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे कळलं तर अब्बा जगणार नाहीत.”

“चाचा,” हुमेरानं विचारलं, “त्या खेपेत गाद्या किती झाल्या?”

“तीनशे साठ.”

“यातल्या बऱ्याचशा लग्नाच्या?”

“लग्नसराईच होती. जवळजवळ सगळ्याच.”

“जयाचं माहेर जवळ आहे, बाप टेम्पो करून घेऊन आला. ज्यांचं लांब आहे त्यांचं काय? त्यांना कोण काय बोलत असेल?” तिनं जयाकडे पाहिलं. “आपण मूठ झाकून ठेवायची, आणि बोलणी या पोरींनी खायची?”

जहिरानं हिरव्या गादीतला मूठभर कापूस पिशवीत घेतला, मशीनजवळचा मूठभर चांगला कापूस दुसऱ्या पिशवीत घेतला. “चला,” ती म्हणाली. “अब्बांना मी सांगते.”

*

ते पोचले तेव्हा गनीभाई अंगणात पलंगावर बसून होते. परवेझ येरझाऱ्या घालत होता. जहिरा सासऱ्यांच्या पायाशी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. मागची खोली, जया, हिरवी थप्पी. पहिल्या पिंजाईचं ऐकताना परवेझ उभ्याउभ्याच थबकला. त्यानं धाकट्या भावाकडे पाहिलं.

“म्हंजे पोरीनं शोधलंच,” गनीभाई म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. उलट थोडं हसू आलं होतं. “रिझवान, तू बोलला न्हाईस ना?”

“नाही, अब्बा.”

“मग झालं तर. आता परवेझ वर्कशॉप बंद कर म्हनायचा न्हाई.”

इथंच थांबता आलं असतं. जहिराला तो मोह झालाही.

“अब्बा, अजून आहे,” ती म्हणाली. “हिरवी खेप जानेवारीची. तुम्ही निवडलेली.”

गनीभाईंचं हसू गेलं. “दाव तो कापूस,” ते म्हणाले.

तिनं त्यांच्या एका हातावर एक चिमूट ठेवली, दुसऱ्या हातावर दुसरी. त्यांनी अंगठ्यानं चोळलं. एकदा, दोनदा, पुन्हापुन्हा. “दोनी झ्याक हायत,” ते म्हणाले. मग त्यांनी सुनेच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तिथं काय होतं ते त्यांना दिसलं. त्यांनी एकेक चिमूट उचलून ओठांवर फिरवली. जुने पिंजारी शंका आली की असं करायचे. दुसरी चिमूट ओठाला लागताच त्यांचा हात थांबला.

“रद्दी हाय ही,” ते म्हणाले.

त्यांनी ती चिमूट खाली टाकली.

“माजी बोटं खोटं बोलली. तुला ठावं हुतं, जहिरा?”

“होय, अब्बा. मी बोलायला पाहिजे होतं.” तिला रडू आवरेना. “तुमचा मान जाईल म्हणून गप्प बसले. चुकलं माझं.”

“मी तरी कुटं बोललो? चटका लागत न्हाई ते मला काय कळत नव्हतं?” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “किती गाद्या हायत, हुमेरा?”

“तीनशे साठ, दादाजी.”

“तीनशे साठ पोरी.” ते म्हणाले. “त्या गादी घिऊन यायच्या, आन मी मनात म्हनायचो, गनी, बघ तुजी नेकी कशी वाढाय लागली. त्या तक्रार घिऊन येत हुत्या. आन मी पुन्य समजून बसलो.”

परवेझ पुढे आला. तो रिझवानसमोर उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. मोठा भाऊ धाकट्यापुढे हात जोडतोय हे या घरात कधी झालं नव्हतं. रिझवाननं ते हात घाईघाईनं खाली ओढले. “नवा कापूस मी देतो,” परवेझ म्हणाला. “सुप्याचे दोन्ही टेम्पो तुझे. तीनशे साठ घरं गाठू. आसारामला विचार, पत्ते त्याच्या डोक्यात असतील.”

“कापूस यापुढं हुमेरा पास करंल,” गनीभाई म्हणाले. “मशीनवर धागा मोजून. माज्या बोटावर न्हाई.” मग नातीकडे वळले. “तुजा तो पडदा हितं उघडतो का?”

हुमेरानं लॅपटॉप मांडीवर घेतला. “उघडतो. पण दादाजी, लिहायचं नाही असा तुमचा हुकूम आहे.”

“नेकी लिवायची न्हाई. चूक लिवायची. ती लिवली न्हाई म्हनून सा म्हैनं कुनाला दिसली न्हाई. लिव.”

तिनं नवी ओळ काढली. “तक्रार करणाऱ्याचं नाव?”

“पोरींची नावं लिवायची न्हाईत. म्होरं जा.”

“गादी?”

“हिरव्या दोऱ्याची.”

“कारण?”

“कापूस खराब.”

“चूक कुणाची?” विचारताना हुमेराची बोटं थांबली. तिनं मदतीसाठी आईकडे पाहिलं, पण जहिराच्या डोळ्यांत इतकं पाणी होतं, की तिला लेकीचा चेहराही धड दिसत नव्हता.

गनीभाई ताठ बसले. “गनी मन्सुरी, तिसगाव,” ते म्हणाले. “आन आसं तीनशे साठ बारी लिव.”